फळ्यावरची कात्री

...नाही, घड्याळ दाखवू नका पाळकसाहेब! तुम्हीच म्हणालात ना, मास्तर, उपासना झाली की उभे राहा, मुलाच्या मिशनवर जाऊन आलात त्याची साक्ष द्या, पाच मिनिटांत द्या, मंडळीला उत्तेजन मिळेल... मग मिळू दे की उत्तेजन! पाच मिनिटांत हाताचं एक काज होत नाही धड, आणि माझी तर फसवणूक झालीय, सहा वर्षांची अखंड फसवणूक, पोटच्या पोराकडून, घरच्या बायकोकडून आणि समुद्रापलीकडच्या चाळीस अनोळखी माणसांकडून, ती पाच मिनिटांत कशी सांगू? बसा. पंखा चालू आहे ना? मग बसा!

तुम्हाला सांगतो, सगळ्यांना माहीत होतं. सग...ळ्यांना! फक्त मला नाही!

आता माझं दुकान तुम्हाला नव्यानं काय सांगायचं, इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या अंगावर माझीच शिलाई आहे, आणि उरलेल्या निम्म्यांच्या अंगावर नाही ते मला इथून दिसतंय. तर दुकानाची पाटी आठवते ना? माझं नाव, आणि पुढे 'आणि चिरंजीव'. ही पाटी रंगवली तेव्हा चिरंजीव नऊ वर्षांचे होते आणि कापडाच्या ढिगाखाली झोपलेले होते. रंगारी म्हणाला, मास्तर, घाई होतेय. मी म्हटलं, तू रंगव. चौदा वर्षांनी तेच चिरंजीव माझ्यासमोर येऊन उभे, मी बाही लावायचा मुंढा कापतोय, कात्री अर्ध्यावर, आणि हे म्हणतात, "बाबा, मला बोलावणं आलंय." म्हटलं, कुठून? तर म्हणे, "देवाकडून." आता काय बोलणार? एखाद्या कंपनीनं बोलावलं असतं तर भांडलो असतो, पगार काय, सुट्ट्या किती... इथे कुणाशी भांडू? म्हटलं, अरे पण दुकान? तर तोंड वर करून सांगतो, "बाबा, मला शिलाईत रस नाही. टीप मारत जन्म घालवायचा नाही मला. मला लोकांसाठी काहीतरी करायचंय." म्हणजे मी काय इतकी वर्षं भुताखेतांसाठी पँटी शिवतोय?

पण म्हणाला, दोनच वर्षं. दोन वर्षांनी येतो. आणि तुम्ही सगळे साक्षीदार आहात, याच जागी त्याला उभं केलं, तुम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत, आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन कोण म्हणालं? मी! का? तर ते दोन वर्षांचं आमेन होतं! पुढच्या चारांचं कुणी म्हणवून घेतलं?

दोनाची तीन झाली, तिनाची चार. फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर, "पुढच्या वर्षी बघू, बाबा." आणि मी येडा, खिडकीपाशी त्याच्यासाठी मशीन ठेवलेलं, वर शिवलेली खोळ, कुणाला हात लावू देत नाही, दर शनिवारी खोळ काढायची, तेल घालायचं, चाक दोनदा फिरवायचं, खोळ घालायची. आल्या आल्या बसला पाहिजे! आणि हे तेल घालताना आमची ही डबा घेऊन दारात उभी असायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, कौतुकानं बघतेय.

मग या वर्षी ही म्हणाली, "अहो, तो येत नाही तर आपणच जाऊन येऊ." मी मनात म्हटलं, बरं झालं, जाऊ आणि कान धरून घेऊनच येऊ. पण रिकाम्या हातानं कसं जायचं? मिशनवरचा माणूस म्हणजे उपदेश करत असणार, व्यासपीठावर उभा राहत असणार, अंगावर नीट कोट नको? शिवला. काळा. अस्तरासकट, आतलं कडक बकरम हातानं टाचून, कॉलर तीनदा उसवून परत लावलेली. मापं जुनी, म्हणून बगलेत इंचभर जास्तीचं कापड दाबून ठेवलं. आणि विमानात हा कोट घडी करून बॅगेत? छे! मांडीवर. ती विमानातली बाई आली, "सर, वर ठेवते." म्हटलं, नको. पुन्हा आली, "सर, जेवण." म्हटलं, नको, डाग पडेल. अकरा तास उपाशी राहिलो मी त्या कोटापायी! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोहोचलो. चिरंजीव न्यायला आलेले, वाळलेले, दाढी वाढलेली, गळ्यात पडला माझ्या, ते ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढचं ऐका. मिशनचं आवार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक बैठी इमारत, एका टोकाला दवाखाना, दुसऱ्या टोकाला भटारखाना, मध्ये जेवणाची खोली. आणि सगळी माणसं रांगेत उभी. चाळीस असतील. एकेक पुढे येतो, माझे दोन्ही हात हातात घेतो, डोळ्यांत बघतो, आणि मान अशी... अशी हलवतो. अहो, मयताला आल्यासारखी! मी मागे वळून बघितलं, ही जिवंत आहे ना? होती. मग हे कशाबद्दल? मुख्य बाई आल्या, उंच, पांढरे केस, माझा हात धरून दोन मिनिटं बोलल्या. मी चिरंजिवांना विचारलं, काय म्हणतात? "म्हणतात, स्वागत." दोन मिनिटांचं स्वागत? कुठली भाषा ही? जेवायला बसलो तर आचारी माझ्या ताटात दुप्पट वाढतोय आणि पाठीवर थोपटतोय! मी हिला म्हटलं, काहीतरी आहे. मला काही आजार तर नाही ना, जो तुम्ही लपवताय? ही वर पंख्याकडे बघत म्हणाली, "जेवा आता." आमच्या हिची सवय आहे ही. खोटं बोलायचं नसलं की ती पंख्याकडे बघते. आताही बघतेय, बघा! मान खाली घे की जरा!

तर त्या जेवणाच्या खोलीत एक फळा होता. मोठा, भिंतभर. ही त्या लोकांची पद्धत, ज्याला जी प्रार्थना हवी ती त्यानं खडूनं फळ्यावर लिहायची, दर मंगळवारी संध्याकाळी पाचला सगळ्यांनी बसून ती करायची, आणि ऐकली गेली की ज्याच्यासाठी होती त्यानं स्वतः उठून त्यावर सरळ रेघ मारायची. आणि बाजूला एकेक चित्र, कारण तिथल्या सगळ्यांना वाचता येत नाही. पंपाचं चित्र, बोअरला पाणी लागो, रेघ. पायाचं चित्र, आचाऱ्याचा गुडघा, रेघ. सगळ्यांवर रेघा! आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत जुनी एक ओळ, रेघ नाही, पुसट झाली की पुन्हा गिरवलेली, आणि तिच्या बाजूला चित्र कसलं? कात्रीचं! आता लिपी कळत नसली म्हणून काय झालं, कात्री मला कळते! म्हटलं, हे कुणाचं? चिरंजीव म्हणाले, "ते होय... ते वर्गाचं आहे, बाबा." म्हटलं, कसला वर्ग? "उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, म्हटलं आता पोराचा उपदेश ऐकायला मिळणार. तो मला घेऊन गेला भटारखान्यामागच्या शेडमध्ये. आणि दार उघडायच्या आधी आवाज आला... खड खड खड खड... मंडळी, हा आवाज मी झोपेतही ओळखतो! आत अकरा पायमशिनी! अकरा! आणि अकरा माणसं पाय मारतायत! आणि आमचे चिरंजीव गळ्यात टेप घालून, कानावर खडू अडकवून म्हणतात, "बाबा, हे माझं मिशन. मी यांना शिवण शिकवतो. आधीपासून. सहा वर्षं."

मी खाली बसलो. स्टुलावर बसायचं म्हणून बसलो, स्टूल नव्हतं.

अरे, मी बोलावलं तेव्हा शिलाईत रस नाही, आणि देवानं बोलावलं तर शिलाईतच रस? मग देवाला तेव्हाच सांगता आलं नाही तुला, की माझ्या बापाच्या दुकानात खिडकीपाशी मशीन रिकामं आहे, उजेड चांगला आहे, विमानही लागत नाही? आणि मी इथे लोकांना काय सांगत होतो? मुलगा उपदेशक आहे! तिथे सगळ्यांना माहीत तो काय आहे. फक्त मला नाही!

बरं, शिकवतो तर नीट शिकव! पहिल्या मशिनीवर एक माजी ट्रकवाला, बोटं एवढी जाडी, मी त्याला जाडबोट्या म्हणतो, त्यानं उजवी बाही डाव्या मुंढ्याला लावलेली! शेजारी धुणीवाली मावशी, एकावर एक दोन चष्मे घालून दवाखान्याचे गाऊन शिवते, टीप अशी चाललीय, अशी, बोटीत बसून मारल्यासारखी. मी चिरंजिवांना म्हटलं, सांग त्या जाडबोट्याला, की बाही लावायच्या आधी खुणेला खूण जुळव, नाहीतर माणसाला हात मागे धरून चालावं लागेल, आणि हे ज्यानं तुला शिकवलं त्याच्या बापाला तोंड दाखवायला जागा उरली नाही! हे एवढं मी बोललो. चिरंजिवांनी दोन शब्दांत भाषांतर केलं. जाडबोट्या उठला आणि त्यानं मला मिठी मारली. काय सांगितलंस त्याला? तर म्हणे, "सांगितलं, बाबा खूश आहेत."

पण हे काहीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी वर्गात गेलो, म्हटलं कोणी नसताना जाऊन जरा त्या मशिनींना तेल घालू, तेलावाचून रडत होत्या त्या, तर सगळे आधीच जमलेले, टेबलाभोवती गोल. आणि टेबलावर... माझा कोट.

उसवलेला!

बाह्या एकीकडे, अस्तर एकीकडे, कॉलर वेगळी पडलेली, बकरम उघडं... मंडळी, ज्या कोटासाठी अकरा तास मी अन्नाला शिवलो नाही, तो आठ तुकड्यांत टेबलावर! आणि उसवणारा कोण? माझा पोरगा, हातात ब्लेड! मी ओरडलो. काय ओरडलो ते देवळात सांगण्यासारखं नाही. आणि तो पोरगा कोटाचं अस्तर असं उलटं धरून मला म्हणतो, "बाबा, चार दिवस विचार करत होतो. यांना मी इतके दिवस तोंडानं सांगतो आणि ते यांना कळत नाही. म्हणून दाखवत होतो. ही बघा, अस्तराच्या आतली टीप. इथे कुणी कधी बघणार नाही. तरी सरळ आहे. माझ्या वडिलांनी हे असं शिवलंय, हे सांगत होतो." आणि मग तिथेच, ब्लेड हातात धरून, आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, मी परत येणार नाही. दुकानात नाही येणार. कधीच."

मला कळायला वेळ लागला. पण आमच्या भाषेतला एक शब्द न येणारी ती दोन चष्म्यांची मावशी, तिला कळलं! तिनं दोन्ही चष्मे काढले आणि रडायलाच लागली. जाडबोट्यानं टोपी काढली. कुणीतरी पळत जाऊन मुख्य बाईंना घेऊन आलं. आणि मी विचारतो, अरे, यांना कसं कळलं तू काय बोललास? तेव्हा पोरगा म्हणाला, "तोंडावरूनच कळलं त्यांना. तीच ओळ आहे बाबा, फळ्यावर. कात्रीची. 'वडिलांना सांगायचं धैर्य मिळो.'"

सहा वर्षं! दर मंगळवारी! चाळीस माणसं! बोअरला सहा महिन्यांत पाणी लागलं, आचाऱ्याचा गुडघा दोन महिन्यांत बरा झाला, आणि माझ्यासमोर एक वाक्य बोलायला सहा वर्षं प्रार्थना लागते? मी एवढा अवघड माणूस आहे? नका, नका सांगू, पाळकसाहेब, हसू पण नका.

मी हिच्याकडे वळलो. म्हटलं, तुला माहीत होतं? पंखा शोधायला लागली, शेडमध्ये पंखा नव्हता. मग म्हणाली, "त्यानं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं." म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "अहो, तुम्ही शनिवारी मशीनला तेल घालत होता. मी दर शनिवारी सांगायचं ठरवून दुकानात यायचे. तुम्ही ते चाक फिरवायचात दोनदा... कसं सांगणार?"

वाईट वाटलं हो मला. खोटं कशाला बोलू, इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. पोरगा परत येणार नाही याचं तर वाटलंच, पण त्याहून जास्त कशाचं, तर सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मला सांभाळून घेत होते, आणि मी मात्र मी सगळ्यांना सांभाळतोय अशा ऐटीत पाच वर्षं खोळ झटकत होतो.

दीड दिवस बोललो नाही कुणाशी. मग म्हटलं, निदान माझे तुकडे तरी परत घ्यावेत. गेलो शेडमध्ये, तर जाडबोट्या एकटा बसून कोट परत जोडायचा प्रयत्न करत होता. घामाघूम. आणि पुन्हा, उजवी बाही डाव्या मुंढ्याला! आता मला सांगा, मी काय करायचं? रागावून निघून जायचं? आणि ती बाही तशी सोडायची? माणूस रुसू शकतो हो, पण हात कसे रुसतील? बसलो. त्याला खूण दाखवली. मग मावशी आली. मग सगळे आले. आणि पुढचे नऊ दिवस, पोराशी बोलणं बंद आणि त्याच्या वर्गाला शिकवणं चालू! भाषा येत नाही, पण टीप वाकडी गेली की मी नुसता घसा साफ करायचो, अकराच्या अकरा मशिनी थांबायच्या. तो कोट अकरा जणांनी मिळून परत शिवला. डावी बाही जाडबोट्यानं लावली, किंचित वर आलीय. मी उसवणार होतो. ब्लेड हातात घेतलं होतं. मग त्याचं तोंड बघितलं आणि ठेवून दिलं. चिरंजीव तो तसाच घालतात.

शेवटचा मंगळवार. संध्याकाळी पाच. सगळे फळ्यासमोर. मुख्य बाईंनी पोराला खडू दिला, रेघ मार म्हणून, कारण ओळ त्याची होती. त्यानं तो खडू माझ्यापुढे केला. आयुष्यभर खडू धरलाय मी हातात, मंडळी, एका ओढीत पाठ आखतो, पण त्या दिवशी रेघ मारली. वाकडी आली. टाळ्या वाजवल्या लेकाच्यांनी! मग मी पोराला म्हटलं, नऊ दिवसांत पहिल्यांदा बोललो, म्हटलं, कॉलर तरी हातानं टाचायला शिकव यांना. तो म्हणाला, "ती मला कुठे नीट येते, बाबा? तुम्ही शिकवायच्या आधीच मी पळालो."

आणि त्याच वेळी, माझ्या रेघेची धूळ खाली बसायच्या आत, त्या मुख्य बाईंनी खाली एक नवीन ओळ लिहिली! फळा रिकामा ठेवायची पद्धतच नाही. आणि बाजूला चित्र कसलं? कात्री. आणि कात्रीवर चष्मा! सगळे माझ्याकडे बघून हसतायत. म्हटलं, आता हे काय? चिरंजीव म्हणाले, "सांगतो नंतर." हिला विचारलं. पंख्याकडे!

परत येऊन महिना झाला. अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि घरात काहीतरी चाललंय, मंडळी. ही म्हणते, "नवीन ऑर्डरी घेऊ नका, डोळ्यांना ताण पडतो." माझ्या डोळ्यांना काय झालंय? बॅगा माळ्यावर गेल्याच नाहीत अजून. परवा म्हणते, "तुमची मोठी कात्री धार लावून आणली मी." का? कोणी सांगितलं होतं? आणि काल दुकानात गेलो तर खिडकीपाशीच्या मशीनवर बसून आपल्या तरुण संघाची सेक्रेटरी पोरगी शिवतेय! म्हटलं, ए, ऊठ, ते... तर म्हणाली, "मास्तर, काकूंनीच सांगितलं, आजपासून हात बसवायला लाग." कशासाठी? मला कोणी काही...

काय? काय हसताय? मागचे लोक काय दाखवताय फोनमध्ये? इकडे द्या. पाळकसाहेब, तुम्ही पण? द्या तो फोन. थांबा, चष्मा... कसला फोटो आहे हा? ही तर शेड आहे. आमची शेड. दार रंगवलेलं दिसतंय. हा कोट घातलेला आमचा... हो, बाही वर आहे. आणि वर पाटी. नवीन. आपल्या अक्षरात लिहिलीय की! त्याचंच अक्षर. पोराचं नाव, आणि पुढे...

'आणि वडील'.

...

कधी आला हा फोटो? तीन आठवडे झाले? सगळ्यांना आला? महिला मंडळाला पण? आणि ती मागच्या बाकावरची नवी बॅग, फीत बांधलेली, ती कुणासाठी... बरं. बरं बरं. म्हणजे निरोपाचा चहा पण ठरलेला असणार. पुढच्या रविवारी? छान. वेळ तेवढी कळवा मला.

झाली माझी साक्ष. डोळे मिटा आता, प्रार्थना करू. कशासाठी ते सांगत बसत नाही... तुम्हा सगळ्यांना माहीतच असणार.